तानुअक्काची अकरा कडवी

तानुअक्काने दत्तमंदिराच्या ओट्यावर पोरींना आमच्या खानदेशातल्या कानबाई देवीचं गाणं आणि फेर शिकवायला घेतला, त्याच संध्याकाळी शेजारची ज्योत्स्ना माझ्याकडे आली. "वहिनी, फुकट शिकवते म्हणे. काय मिळत असेल हिला?"

मी हसले, पण प्रश्न डोक्यात राहिला.

अक्काने सातपुड्याच्या पायथ्याशी एका आश्रमशाळेत सव्वीस वर्षं स्वयंपाक केला. तीनशे पोरांच्या भाकरी थापून मनगटं जाड झालेली, कपाळावर हिरवं गोंदण, आवाज खणखणीत. निवृत्त झाल्यावर शिरपूरला आमच्या कॉलनीत एक खोली घेऊन राहिली. नवरा कधीच गेला, मूलबाळ नाही. तीन वर्षं आमची सार्वजनिक कानबाई डीजेवर नदीला विसर्जनाला जात होती. अक्काने ते पाहिलं आणि मंडळाच्या बायकांना म्हणाली, "औंदा मन्ह्या पोरी नाचतीन. डीजे सांगू नका." आम्ही हो म्हणून बसलो.

अकरा पोरी जमल्या. माझी दिपमाला होती, ज्योत्स्नाची कोकिळा होती. चार वाजता अक्का आधी सगळ्यांचे मोबाईल भाकरीच्या पितळी डब्यात घालायची आणि डब्यावर स्वतः बसायची. ओट्यावर फक्त फेर व्हायचा: दोन पावलं पुढे, एक मागे, खाली वाकून गिरकी. तोंडाने नुसतं पालुपद. मग एकेका पोरीला ती आपल्या खोलीत न्यायची आणि आतून कडी लावायची.

ही कडी आम्हाला खटकली.

"आत काय करता गं?" मी दिपमालाला विचारलं.

"कडवं शिकवते. माझं एकच."

"आणि बाकीच्यांची?"

"ती सांगायची नाहीत. देवीची शपथ घातलीय."

वर अक्का पोरींना विचारी, तुझ्या आजीचं माहेर कुठलं, तिच्याकडे कानबाईला काय म्हणतात. आता आमच्याकडे कानबाईच्या नैवेद्याचे रोट भाऊबंदांबाहेर कोणाला देत नाहीत. लेकीचं लग्न झालं की तिलाही नाही. मग कुळातली गाणी या बाईला कशाला हवीत?

त्यात दर गुरुवारी तिच्या दारात एक मोटरसायकल लागायला लागली. धुळ्याचा दीपक, अहिराणी गाण्यांचे व्हिडिओ काढणारा. मी खिडकीत मेथी निवडत बसायचे. तो वही घेऊन आत जायचा, चहा पिऊन बाहेर यायचा. एकदा अक्काने त्याच्या वहीतलं पान फाडून घेतलेलं मी या डोळ्यांनी पाहिलं.

"आता बोला," ज्योत्स्ना म्हणाली. "आपल्या आज्यांची गाणी विकते ती. माझी कोकिळा उद्यापासून येणार नाही." आणखी तिघी तसंच म्हणू लागल्या. रोटांचा सण आठ दिवसांवर आला होता. पोरी गेल्या तर पुन्हा डीजे, आणि अक्काला ओट्यावर कोणी उभंही करणार नव्हतं.

मी सरळ तिच्या खोलीवर गेले. "अक्का, एकाही पोरीला पूर्ण गाणं का शिकवत नाही? आणि तो दीपक कशाला येतो?"

 तिने ट्रंकेतून कागदाचे तुकडे काढले. अकरा. प्रत्येकावर एकेका बाईचं आणि गावाचं नाव.

"आम्हना गावमा बठ्ठं, पूर्ण गानं येकली वच्छलाबाईले येवाचं. आम्ही मांगे नुसतं पालुपद म्हनूत. ती मरी गयी, गानं बी गयं. मंग मी गावोगाव फिरनू. कोठे येक कडवं, कोठे दोन. दीपक म्हाताऱ्या बाया धुंडी देस. त्याले वाटस, शेवटले मी पूर्ण गानं त्याले दिसू."

"देणार?"

"चहा दिसू," ती म्हणाली.

"मग एकीला तरी पूर्ण शिकवा ना."

"येकीले बठ्ठं उनं का बाकीन्या घर बसतीस. आते येक पोर नही उनी तं खड्डा पडस. खड्डा दखाना का तिले बलावाले जानंच पडस."

सगळं एकीला आलं की बाकीच्या घरी बसणार, आणि एक जरी नसली तरी तिला बोलवायला जावंच लागणार, हा अक्काचा हिशेब आणि दीपकचंही सगळं मी ज्योत्स्नाला सांगितलं. बाकीच्या तिघींनी पोरी पुन्हा पाठवल्या. ज्योत्स्नाने मात्र मान हलवली. "तुम्हाला पटलं ना, मग झालं. माझी पोरगी नाही." अक्काला वाटलं असतं तर कोकिळाचं कडवं ती दुसऱ्या पोरीला देऊ शकली असती. दिलं नाही.

सोमवारी सकाळी कानबाई निघाली. पुढे डफ, मागे दहा पोरी. दीपक कोपऱ्यावर मोबाईल उगारून उभा होता. अक्काने जाता जाता पितळी डबा त्याच्यापुढे धरला आणि त्याने बिचाऱ्याने मोबाईल आत टाकला. पहिलं कडवं झालं, दुसरं, तिसरं. आम्ही बायका पहिल्यांदाच पूर्ण गाणं ऐकत होतो. सहावं झालं आणि मिरवणूक ज्योत्स्नाच्या दारासमोर आली. सातवं कोकिळाचं.

 डफ वाजत राहिला. पोरी जागच्या जागी पावलं टाकत होत्या. कोकिळा खिडकीच्या गजांना धरून आईकडे बघत होती. अक्का पुढे सरकेना, आठव्या पोरीलाही सुरू करू देईना. मला भीती वाटली की आता मंडळातलं कोणीतरी म्हणेल, लावा डीजे.

आणि दारातून ज्योत्स्नाच म्हणायला लागली. चिडून, सूर वर चढवून, पण शब्द न चुकता. दुसऱ्या ओळीला कोकिळा तिच्या हाताखालून निसटून फेरात आली.

नदीवरून परतताना मी ज्योत्स्नाला म्हटलं, "तुला कसं गं येतं?"

"महिनाभर पोरगी न्हाणीघरात तेच म्हणत होती. कानात कापूस घालू का?"

अक्का मागून येत होती. मला वाटलं, आता ज्योत्स्नाच्या पाठीवरून हात फिरवेल. तिने हात पुढे केला, तळवा वर.

"मोबाईल दखाड," ती म्हणाली. "त्यामा गानं भरी तं नही ना लिधं?"