शहराला हात लावायचा नाही

माझ्या धाकट्या भावाला मी एक कॉम्प्युटर गेम खेळायला शिकवला. प्राचीन काळच्या लढायांचा, एकाआड एक चाल करायचा गेम. तो त्यात तरबेज झाला, आणि त्याचा मला अजून राग येतो. गेमचा येतो, भावाचा येतो, आणि बहिणींनी हसतमुखानं जे जे करायचं असतं त्या सगळ्याचाच येतो.

मी नांदेडला एका शाळेत गणित शिकवते. दोन वर्षांपूर्वी गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी घरी बसवलं. मुलगी नोकरीसाठी पुण्याला गेलेली, तिचा कॉम्प्युटर तिच्या खोलीत कपडा पांघरून पडला होता. तिनंच फोनवर एकेक बटण सांगत तो गेम चालू करून दिला. "मालिका बघून चिडचिड करण्यापेक्षा हे खेळ," म्हणाली. नवरा चहाचा कप ठेवता ठेवता म्हणाला, "आता एवढंच राहिलं होतं."

मला मात्र तो आवडला. नकाशावर डोंगर, नद्या, शेतं, तटबंदीची शहरं. आपण आपलं सैन्य हलवायचं, चाल संपली म्हणून बटण दाबायचं, मग समोरच्यानं हलवायचं. हाताच्या चपळाईचा संबंध नाही. विचार करायला हवा तेवढा वेळ मिळतो, आणि मला नोकरीत किंवा संसारात तो कधी कुणी दिला नव्हता. सुरुवातीचे डाव सपाटून हरले. मग हळूहळू आकडे बोलायला लागले आणि मी जिंकायला लागले.

गेमचं पुढं सांगते. त्याआधी रेणापूरचं सांगायला हवं, कारण सगळं तिथं अडकलंय. रेणापूरजवळ आमचं रान आहे. होतं म्हणायला पाहिजे. आम्ही लिंगायत, आमच्यात जाळत नाहीत, पुरतात, आणि ज्यांचं स्वतःचं रान असतं ते बहुतेक रानातच पुरतात. अप्पा, म्हणजे आमचे वडील, गेले तेव्हा त्यांना विहिरीमागच्या कोपऱ्यात ठेवलं आणि वर लहानशी समाधी बांधली. सगळा मिळून दोन गुंठ्यांचा कोपरा. आईनं त्याच वेळी शेजारची जागा बोटानं दाखवली आणि म्हणाली, "हितं माझी." आई भावाकडं लातूरला राहते, पण सोमवारी बेल वाहायला कोपऱ्यावर जायचीच. बाकी रानाचं काय व्हायचं ते होवो, तो कोपरा आणि त्यातली आईची जागा राहावी, एवढंच मला हवं होतं.

भावाचं लातूरला खत-बियाण्यांचं दुकान आहे. ऑपरेशननंतर तो मला बघायला आला. पिशवीतली मोसंबी टेबलावर ठेवली, तब्येतीची दोन वाक्यं झाली, आणि त्याची नजर पडद्यावर गेली. "अक्का, हे काय करून राहिलीस?" मी सांगितलं. तो खुर्ची ओढून बसला तो जेवायला हाक मारेपर्यंत उठला नाही. परत गेल्यावर दुकानातल्या कॉम्प्युटरवर त्यानं तोच गेम घेतला. दोन गावांतली दोन माणसं एकमेकांविरुद्ध खेळू शकतात, अशी त्यात सोय आहे. एकानं चाल केली की दुसऱ्याच्या फोनवर निरोप येतो. अशी नांदेडची आणि लातूरची लढाई सुरू झाली, आणि लातूर रोज हरायला लागलं.

नवशिक्याचं सगळ्यात मोठं दुखणं म्हणजे हत्ती. भावानं पहिल्याच डावात होतं नव्हतं ते हत्तींवर घातलं. हत्ती दिसायला दांडगे, पण कोठारातलं धान्य संपवून टाकतात, आणि बाण लागले की उलटे फिरून आपलीच माणसं तुडवतात. मी फोनवर म्हटलं, "गोफणवाले घे. स्वस्तात येतात आणि लांबून मारतात. पुढं भालेवाल्यांची रांग लाव, मागं गोफणवाले, आणि उंचवटा सोडू नकोस." तो म्हणाला, "ज्वारीतली पाखरं हाकलायची हायत का मला?" तो डाव मी त्या पाखरं हाकलणाऱ्यांच्याच जोरावर जिंकला. त्यानंतर तो गुपचूप ऐकायला लागला.

मग मी त्याला सगळं शिकवलं, अगदी शाळेतल्या पोराला शिकवावं तसं. घोडदळ समोरून घालायचं नाही, ते बाजूनं फिरवून पाठीवर आणायचं. सेनापती पुढं मिरवायचा नाही. नदी ओलांडताना सैन्य अर्धं पाण्यात असतं, तेव्हा ओलांडणारा मरतो. म्हणून आपण अलीकडं थांबायचं, त्याला येऊ द्यायचं. राजधानी मोकळी टाकून बाहेर पडायचं नाही. शेजारच्या राजाशी आधी तह करायचा, भेटी पाठवायच्या, म्हणजे तो त्या बाजूचे पहारे काढून दुसरीकडं नेतो. भाऊ हुशार आहे, हे मला कबूल करावं लागतं. अभ्यासात कधी दिसली नाही ती हुशारी इथं दिसली. दुकानात गिऱ्हाईक समोर उभं असलं तरी तो मला विचारायचा, "अक्का, आता ह्या टेकडीचं काय करू?"

एक गोष्ट त्याला पटत नव्हती. शहर दिसलं की त्याला चढाई करायची असायची. तटाला शिड्या लावायच्या, वरून तेल ओतून घ्यायचं, निम्मं सैन्य घालवायचं आणि हरायचं. मी चिडून एकदा त्याला झापलंच. म्हटलं, "शहराला हात लावायचा नाही. शहर घेऊच नकोस. भोवतालची शेतं घे, पाणी घे, वाटा घे. शहरात जाणारी एकही वाट मोकळी ठेवू नकोस. मग तट असू दे नाहीतर आत हजार माणसं असू दे, काही उपयोग नसतो. नकाशावर ते शहर त्याचंच दिसतं, पण त्याचं राहिलेलं नसतं." तो म्हणाला, "हे बरं हाय. आपल्यावर काही येतच न्हाई."

पुढच्याच डावात त्यानं मला हरवलं. माझ्या राजधानीला त्यानं बोटही लावलं नाही. नदीवरचा पूल घेतला, शेतं घेतली, घाट अडवला, आणि माझं भरलेलं शहर जागच्या जागी उपाशी बसलं. मी हरले आणि मला आनंद झाला. नवऱ्याला बोलावून पडदा दाखवला. "बघा, माझा भाऊ कसा खेळला." शिकवणाऱ्या माणसाला होतो तसला तो वेडगळ आनंद होता, आणि आता आठवला की तोंड कडू होतं.

दिवाळीला भाऊबीजेसाठी मी लातूरला गेले. ओवाळून झालं, साडी हातात पडली, आणि जेवण झाल्यावर भाऊ म्हणाला की रानाच्या कागदांवर सगळ्यांची नावं असल्यानं फार अडचण होऊन राहिलीय, तर मी हक्कसोडपत्रावर सही करावी. आमच्याकडं हे नवं नाही. अप्पांच्या बहिणींनी सही केली, माझ्या नणंदांनी केली, शाळेतल्या बायकाही करून आलेल्या आहेत. कायदा बहिणीला वाटा देतो आणि आम्ही तो भावाच्या ताटात परत वाढतो. न वाढणाऱ्या बहिणीला माहेरी कुणी पाणीसुद्धा विचारत नाही, म्हणून कुणी सही चुकवत नाही. आईनं तर आपला हिस्सा आधीच त्याच्या नावे करून टाकला होता. तिला त्यात विचारण्यासारखं काही वाटलंच नव्हतं.

मी म्हटलं, "सही करते. पण कोपरा?"

"कोपऱ्याला म्या हात लावतो का? अप्पांची शपथ."

रेणापूरच्या रजिस्ट्री ऑफिसात मी अंगठा टेकवला, फोटो काढून घेतला, सही केली. भावानं बाहेर उसाचा रस पाजला. मला तेव्हा वाईट वाटलं नाही, उलट मोकळं वाटलं. गेममध्ये मी समोरच्याच्या प्रत्येक तहाची कलमं वाचत असे. इथं समोर माझा भाऊ होता, त्याला समोरचा म्हणायचं मला सुचलंच नाही.

उन्हाळ्यात कळलं की रान विकलं. लातूरच्या एका माणसानं प्लॉटिंगसाठी घेतलं होतं. भावाला शहरात मोठं दुकान घ्यायचं होतं, ते त्यानं घेतलं. मी फोन केला. तो शांतपणे म्हणाला, "कोपरा सोडून विकलं, अक्का. दोन गुंठे अजून माझ्या नावावर हायत. कागद बघायचा तर बघ." कागद खरा होता, तो मी पाहिला. शब्दाला तो जागला होता.

पण प्लॉट घ्यायला येणाऱ्या माणसाला समाधी दिसली तर तो प्लॉट घेत नाही. म्हणून रान घेणाऱ्यानं कोपऱ्याभोवती पुरुषभर उंचीची भिंत घातली. मागच्या बाजूला ओढा, तिथून चढता येत नाही. विहीर बुजवली. बांधावरून कोपऱ्यापर्यंत जाणारी जी गाडीवाट होती ती तीन प्लॉटांत गेली. आईला बेल वाहायला जायचं म्हणजे मोठ्या गेटवरच्या वॉचमनला सांगायचं, तो किल्ली घेऊन येणार, भिंतीतलं लोखंडी दार उघडणार आणि आई बाहेर येईस्तोवर तंबाखू मळत उभा राहणार. एका सोमवारी वॉचमन जागेवर नव्हता, तर आई उन्हात थांबून तशीच परत आली.

मी भावाला फोनवर वाटेल ते बोलले. लहानपणी बोलले नव्हते तेवढं बोलले. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण म्या कोपऱ्याला हात लावला का? तूच सांग." मी फोन ठेवून दिला. त्याच दुपारी माझ्या फोनवर निरोप आला की समोरच्यानं चाल केली आहे, आता तुमची. मी कॉम्प्युटर लावला आणि तो गेम काढून टाकला. भाऊ आठवडाभर विचारत होता, "अक्का, खेळत का न्हाईस? रागावलीस का?" त्याला खरंच कळत नव्हतं, असं मला कधी वाटतं. कधी वाटतं, त्याला माझ्याआधी कळलं होतं.

परवाच्या सोमवारी मी मुद्दाम लातूरला गेले आणि म्हटलं, चला, तिघंही जाऊ. भाऊ नव्या गाडीतून घेऊन गेला. प्लॉटांच्या मधून डांबरी रस्ते झालेत, दोन घरांचे स्लॅबही टाकून झालेत. वॉचमननं भावाला नमस्कार केला आणि दार उघडून दिलं. आई रिकाम्या हातानं दाराच्या चौकटीपाशी उभी राहिली. बेलाची पिशवी माझ्याकडं होती. तिनं एक हात चौकटीच्या या बाजूला टेकवला, दुसरा त्या बाजूला. कोपर धड उघडत नव्हतं, एवढं ते दार अरुंद.

"काय बघून राहिलीस, आई?" भावानं विचारलं.

"माप."

आमच्यात माणसाला झोपवून नेत नाहीत. अंघोळ घालून, विभूती लावून, मांडी घालून बसवतात. सजवलेल्या लाकडी चौकटीत बसवून चौघांच्या खांद्यावर नेतात, भोवती भजन म्हणणारी माणसं. अप्पांना नेलं तेव्हा गाडीवाटेवर गाव मावत नव्हतं.

आई भावाला म्हणाली, "ह्या दारातून मला कसं न्याल?"

मी भावाकडं पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा काहीतरी हललं. दाराकडं, भिंतीकडं, मग रस्त्याकडं त्यानं बघितलं. "तवाचं तवा बघू की, आई. भिंत काय, बोलून काढता येती."

"तवा बघाया मी कुठं राहणार हाय," आई म्हणाली. तिनं माझ्या हातातून बेलाची पिशवी घेतली, अंग चोरून घेतलं आणि एका कुशीनं आत गेली.