वर कोण राहतं?

कांबळेबाई कुठेही शिरल्या की आधी वर पाहायच्या. माझ्या केबिनमध्ये त्या पहिल्यांदा आल्या तेव्हा मी उठून नमस्कार केला, खुर्ची पुढे केली, तर बाई छताकडे बघत उभ्या. पंखा बंद आहे म्हणून बघतायत असं वाटून मी बटण दाबलं. त्यांनी विचारलं, "वर कोण राहतं?"

"वर? कोणी नाही. गच्ची आहे."

"कबुतरं?"

"असतील."

"मग राहतं की कोणीतरी," असं म्हणून त्या बसल्या आणि हातमोज्यांच्या मागणीचा अर्ज त्यांनी माझ्यापुढे सरकवला.

परळच्या त्या प्रयोगशाळेत मी प्रशासनात होतो. शास्त्रज्ञांनी जगाची काळजी करायची आणि आम्ही त्यांच्या हातमोज्यांची, अशी कामाची वाटणी. डॉ. यशोधरा कांबळे वटवाघळांच्या अंगातले विषाणू शोधायच्या. त्यातले काही कोरोना जातीचे असत. हे नाव तेव्हा कोणाच्या तोंडी नव्हतं. टाइप करताना मी हमखास चुकायचो. पहाटे एखाद्या झाडाखाली प्लास्टिक अंथरून बाई बसायच्या आणि वरून पडेल ते, विष्ठा, चघळून टाकलेली फळं, नळ्यांमध्ये भरून आणायच्या. येणारे-जाणारे लोक लांबून जायचे. ही बाई करणी करते अशी भायखळ्याच्या एका गल्लीत बोलवा होती. बाईंना ते आवडायचं. "बरंय, झाडापासून लांब तरी राहतात," म्हणायच्या.

त्या कॉटन ग्रीनच्या चाळीत वाढलेल्या, वडील गोदीत कामाला. बोलणं तिथलंच, तुटक आणि भरभर. परिषदेत त्या उत्तम इंग्रजी बोलत, पण चहाच्या टेबलावर सगळं शास्त्र चार वाक्यांत आणून ठेवत. "कर्णिक, तो व्हायरस काय आपल्या नावाची सुपारी घेऊन निघालेला नसतो. तो त्याच्या घरी असतो. आपण जंगल तोडतो, गुहा फोडतो, प्राणी पिंजऱ्यात घालून बाजारात आणतो. मग म्हणतो, अरे, हा कुठून आला!"

मग ती साथ आली आणि बाईंचा फोन दिवसभर वाजू लागला. टीव्हीवाल्यांचा एकच प्रश्न असे, वटवाघळं मारायची का? बाई एकच उत्तर देत. मारायची नाहीत, पकडायची नाहीत, हाकलायची नाहीत. ती साथ माणसात नेमकी कशी आली ते छातीठोकपणे सांगता येत नाही, पण पुढची कशी येऊ शकते ते दिसतंय. त्यातलं 'पुढची' कापलं जायचं. लोक आत्ताच्या संकटात बुडालेले. पुढच्याबद्दल बोलणारा माणूस त्यांना अपशकुनी वाटायचा. बाईंचा आवाज त्या काळात बसला तो पुरता कधी सुटलाच नाही. एका संध्याकाळी त्या माझ्यासमोर येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "सांगायचं. दमायचं. परत सांगायचं. मला आता माझंच बोअर होतं, कर्णिक."

पण मला बाई खऱ्या कळल्या त्या आमच्या सोसायटीत. दादरला, शिवाजी पार्काच्या मागे, आमच्या अंगणात जुनं बदामाचं झाड होतं. शेजारच्या पिंपळावर वटवाघळं राहत आणि अंधार पडला की आमच्या बदामावर जेवायला येत. सकाळी खाली बदामांचा सडा असे. वरचा गर चाखून त्यांनी टाकलेला. मुलं ते बदाम दगडानं फोडत आणि आतला गर खात. आम्हीही लहानपणी तेच केलं होतं. साथीनंतर मात्र आमचा सेक्रेटरी सामंत हट्टाला पेटला. झाड छाटायचं आणि दोन्ही झाडांखाली सुतळी बॉम्ब लावून वटवाघळं पळवायची. सामंताचा धाकटा भाऊ साथीत गेला होता. शेवटचं तोंडसुद्धा पाहायला मिळालं नव्हतं. त्याला कोणी काही बोलू धजत नव्हतं, मीही नाही. मी एवढंच केलं, मीटिंगला बाईंना बोलावलं.

बाई आल्या, आधी बदामाखाली उभं राहून वर पाहिलं, मग मुलांकडे पाहत राहिल्या. गच्चीवरच्या मीटिंगमध्ये सामंतानं सरळ विचारलं, "मॅडम, एकच सांगा. यांच्या अंगात व्हायरस असतात की नाही?"

"असतात," बाई म्हणाल्या.

मी कपाळाला हात लावला. गच्चीवर जो गोंधळ झाला त्यात त्यांचं पुढचं कोणाला ऐकूच गेलं नाही. मी हळूच म्हटलं, "अहो, जरा गोल बोलायचंत."

"आज खोटं बोलून झाड वाचवीन. पुढच्या वेळी खरं सांगायला कुठल्या तोंडानं येऊ?"

त्या गोंधळ ओसरेपर्यंत थांबल्या. मग म्हणाल्या, "सामंत, तुमचा भाऊ गेला, माझाही मामा गेला. या वटवाघळांपासून तुम्हाला आजार होईल असं मी म्हणत नाही. कधीच होणार नाही, असंही लिहून देणार नाही. पण आज ती वर आहेत आणि तुम्ही खाली. बॉम्ब लावलात की ती बिथरणार. पिल्लं खाली पडणार, पोरं ती उचलणार. मधलं अंतर तुम्ही स्वतःच्या हातानं संपवताय."

लोक ऐकत होते, पण पटलेलं दिसत नव्हतं. बाईंनी चष्मा काढून पुसला. बराच वेळ पुसला. मग वेगळ्याच आवाजात म्हणाल्या, "ते जाऊ दे. खाली तुमची मुलं वटवाघळाचं उष्टं खातायत, ते तेवढं बंद करा."

उष्टं! गच्चीवरच्या सगळ्या आयांचे चेहरे एकदम बदलले. इतका वेळ विषाणू कोणाच्या डोक्यात शिरत नव्हता, उष्टं एका क्षणात शिरलं. शी, खरंच की, आपल्या कसं लक्षात आलं नाही! कोणीतरी तिथूनच खाली मुलांना हाक मारली. बदाम रोज सकाळी झाडून उचलायचे, मुलांनी खाली पडलेल्या पिल्लाला हात लावायचा नाही, प्राणी सोडवणाऱ्यांना बोलवायचं, असं सगळं भराभर ठरलं. बॉम्बचा विषय सामंतानं स्वतःच मागे घेतला. मी खूश होतो. बाईंना सोडायला निघालो तेव्हा म्हटलं, "शेवटी काय रामबाण काढलात!"

बाई फाटकापाशी थांबल्या. "माझी आजी गावी लोकांच्या पंगतीमागचं उष्टं न्यायची. तोच तिचा हक्क, तीच मजुरी. आम्ही धम्म घेतला तेव्हा तिनं ते थांबवलं आणि घरात हा शब्द बंद केला. ताटात टाकलेल्या भाताला आम्ही 'उरलेलं' म्हणायचो. मी आयुष्यात आज पहिल्यांदा तो शब्द काढला, कर्णिक. आणि बघा, माझं सगळं शिक्षण एका बाजूला, तेवढाच शब्द चालला."

ज्या शब्दावर आम्ही पटकन माना डोलावल्या, तो आमच्यासारख्यांनीच त्यांच्या आजीच्या पदरात घातलेला होता. मला त्या वेळी फार लाज वाटली. बाईंनीच मला सोडवलं. "जाऊ द्या. पोरं वाचली तर आजी काही म्हणायची नाही."

साथ आटोक्यात आली तसा बाईंचा प्रकल्पही आटोक्यात आला. मुदत संपली, ती वाढवण्याचा प्रस्ताव मीच टाइप केला, तो वरून परत आला. आता तशी निकड उरलेली नाही, असा शेरा होता. त्यावर बाई म्हणाल्या, "आग विझली म्हणून बंब विकून टाकला." रागानं नाही, पावसाची बातमी सांगावी तसं. पुढे त्या निवृत्त झाल्या. त्यांची जागा रिकामीच राहिली.

आमची सोसायटीही पुनर्विकासाला गेली. बदाम गेला, त्याच्याबरोबर शेजारचा पिंपळही. सगळं रीतसर परवानगीनं. मी बाईंना फोनवर सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, "मग ती गेली कुठे?" मला ठाऊक नव्हतं. निवृत्त बाई, गुडघे दुखणारी, दम लागणारी, त्या दादरच्या गल्ल्यांतून मान वर करकरून फिरल्या आणि एके दिवशी फोन केला, "सापडली. चार गल्ल्या पलीकडे, मोठ्या शिरीषावर. खालच्या बिल्डिंगमध्ये तुमचा सामंत भाड्यानं राहतो. त्याला सांगू नका." त्या हसल्या, मग बराच वेळ खोकत राहिल्या. तो आमचा शेवटचा फोन. थंडीत त्या झोपेतच गेल्या. वर्तमानपत्रात चार ओळी आल्या.

परवा सकाळी सामंताचा फोन आला. आवाज चढलेला. "कर्ण्या, अरे वटवाघळाचं पिल्लू पडलंय खाली. पोरं जमलीत. मी कोणाला हात लावू दिला नाही. त्या तुझ्या बाईंना विचार, काय करायचं."

बाई गेल्या, असं मी त्याला सांगितलं. मी म्हटलं, मुलांना लांब ठेव, प्राणीवाल्यांना मी कळवतो. मग मीही गेलो. सामंत लुंगीवर, हातात छत्री आडवी धरून उभा होता, पलीकडे मुलांची रांग, मध्ये विटांचे तुकडे मांडून त्यानं हद्द आखली होती. हातमोजे घातलेली एक मुलगी आली आणि पिल्लाला कपड्यात गुंडाळून, टोपलीत घालून घेऊन गेली. मुलं पांगली.

सामंतानं छत्री मिटली. कधीकाळी सुतळी बॉम्ब आणायला निघालेला तो माणूस मान वर करून शिरीषाकडे बघत होता. म्हणाला, "या वेळी बाईंचं आठवलं म्हणून निभावलं. पुढच्या वेळी काही वेगळंच आलं, तर विचारायचं कोणाला रे?"

बाईंची खुर्ची अजून रिकामी आहे, हे मला माहीत होतं. मीही वर पाहिलं.