गल्लीला न सांगता बदललेला पत्ता

रेवा आणि निनाद,

जयसिंगपूरचं घर आम्ही सोडलं तेव्हा बरोबर एकच बॅग घेतली होती. औषधांचा डबा, चार साड्या, आजोबांचे दोन लेंगे. टॅक्सी दाराशी थांबली तशा शेजारच्या महादेवीअक्का पदराला हात पुसत बाहेर आल्या.

"किती दिवस लागत्यात बाई?"

"दहा-बारा. तपासण्या आहेत," मी म्हटलं.

"घराचा घोर लावून घेऊ नका. तुळशीला पाणी घालतो मी."

आमच्याकडं बायकाही घालतो, करतो, येतो असंच बोलतात. मी शिकलेली म्हणून माझं तेवढं बदललं.

तपासण्या खऱ्या होत्या, दहा-बारा दिवस खोटे होते. कोल्हापुरातला फ्लॅट तुमच्या बाबांनी आधीच घेऊन ठेवला होता. लिफ्टचा, दवाखान्याजवळचा. अर्धांगवायूच्या झटक्यानंतर आजोबांना परसातल्या न्हाणीपर्यंत नेणं मला एकटीला झेपत नव्हतं. कारण लपवावं असं काहीच नव्हतं. तरी मी लपवलं.

त्याला माझं तोंड कारण. समोरचं कुटुंब पुण्याला राहायला गेलं, तेव्हा दारात जमलेल्या चारचौघींत मी म्हटलं होतं, "नांदतं घर टाकून माणसं जातात तरी कशी!" शाळेत इंग्रजी शिकवलेल्या बाईंचं बोलणं गल्लीत मानलं जायचं. मला ते आवडायचं, म्हणून मी ते वाक्य पुढंही बरेचदा म्हटलं. आता त्याच बायकांना काय सांगणार? माझी आई म्हणायची, "निघताना चार दारांना सांगून निघावं, म्हणजे परतीची वाट आपली राहते." टॅक्सी कोपऱ्यावर वळेपर्यंत मला ते आठवत होतं आणि मी मागं वळून पाहिलं नाही.

तुमचे बाबा कॅनडाला निघाले तेव्हा कसं झालं होतं, ते तुम्हाला कुणी सांगितलंय का? प्रत्येक घरी जेवण. अक्कांनी कडक भाकरी आणि शेंगाची चटणी इतकी बांधून दिली की बॅगेचं वजन जास्त भरलं. तुमच्या बाबांनी पुस्तकं काढून ठेवली, भाकरी नाही काढली. ते सातासमुद्रापार गेले ते असे, उजळ माथ्यानं. मी तासाभराच्या अंतरावर गेले ती चोरासारखी.

कोल्हापुरात आल्यावर पत्ता बदलायला हवा होता. पेन्शन, विमा, गॅस, मतदार यादी. प्रत्येकाची खिडकी वेगळी, रांग वेगळी. मसाल्याच्या डब्यांवर नावं चिकटवणारी तुमची आजी एवढ्याशा कामाला घाबरणारी नव्हती. पण पत्ता बदलणं म्हणजे आम्ही गेलो असं स्वतःच्या अक्षरात लिहून देणं. मी आज-उद्या करत राहिले. साधी पत्रं अक्का त्यांच्याकडच्या किल्लीनं दार उघडून घरात नेऊन ठेवायच्या. रजिस्टर पत्र मात्र पोस्टमन त्यांच्या हातात देईना.

एकदा फोनवर मोठ्या तोऱ्यात त्यांनी सांगितलं, "पाकिटावर 'इथं राहत नाहीत' असं लिहाय लागलेला. मी म्हटलं, लिहून तर बघ! दवाखान्याला गेल्यात त्या."

"मग?"

"म्हणतोय कसा, अक्का, एवढे महिने दवाखान्यात कोण राहतं? मी म्हटलं, तुझ्या बापाची खाट अडवल्या व्हय रे त्यांनी?"

मी हसले. त्या माझ्यासाठी भांडत होत्या आणि मी हसले. पाकीट शेवटी परत गेलंच. ते आजोबांच्या पेन्शनचं होतं, हयातीचा दाखला मागणारं. त्याच्या मागून आलेलंही परत गेलं, आणि पेन्शन थांबली. माणूस माझ्यासमोर बसून पेपर वाचत होता, आणि तो आहे की नाही हे कार्यालयाला कळत नव्हतं.

तेव्हा तुमच्या बाबांनी तिकडून फोनवर समजावलं. आता दहा खिडक्यांवर जावं लागत नाही. एका ठिकाणी पत्ता बदलायचा, संमती द्यायची, की बाकीची सरकारी खाती तो आपोआप उचलतात. टपाल परत जाऊ नये म्हणूनच ही सोय केली आहे. माझ्या फोनवर ओटीपी आला, मी तो वाचून दाखवला आणि काम झालं.

सोय चांगलीच आहे. पेन्शन सुरू झाली, पत्रं खालच्या सिक्युरिटीच्या टेबलावर येऊ लागली, एकही परत गेलं नाही. पण मला बरं वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. कुणाला तोंड न दाखवता सगळं मिटलं, असं मला वाटलं.

त्याबरोबर मतदार यादीही बदलते, हे मी विसरले होते. ती घेऊन एक गुरुजी गल्लीत घरोघर फिरले. आमच्या दाराशी येऊन अक्कांना म्हणाले, ही दोन नावं कोल्हापूरला गेली. त्याच दुपारी अक्कांचा फोन आला.

"बाई, कंप्युटरनं घोळ घातलाय! तुमची नावं उडवल्यात. मी गुरुजीला चांगला झाडला. उद्या मी नि पलीकडचं पाटील शिरोळला तहसीलदाराकडं चाललोय. बाई हितंच राहत्यात म्हणून सही करून देतो. काय भ्यायचं कारण न्हाय."

माझ्या खोट्यावर अक्का सरकारदरबारी सही करणार होत्या. तेव्हाच सांगायला हवं होतं. माझ्या तोंडून एवढंच आलं, "अक्का, सही करू नका. मी येते."

"या की! कवा येतायसा?"

"उद्याच," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आजोबांना कामाच्या मावशींवर सोपवून मी एसटीनं निघाले. गल्लीत शिरले तर आमचं दार उघडं. सडा, रांगोळी. आत फरशी पुसलेली, परसात बंब पेटलेला. आजोबांची खाट न्हाणीजवळच्या खोलीत आणून ठेवली होती, त्यांना कमी चालावं लागावं म्हणून. तिथं राहत असताना मला हे सुचलं नव्हतं.

अक्का माझ्या मागं रस्त्याकडं बघत होत्या, आजोबा दिसतात का म्हणून. "सर कुठं हाईत? आणि सामान?"

मी सगळं सांगितलं. उभ्यानंच सांगितलं. फ्लॅट कधी घेतला, पत्ता कसा बदलला, ओटीपी मीच दिला.

अक्कांनी पदरानं हात पुसले. मग म्हणाल्या, "म्हंजे कंप्युटर खरं बोलला."

"होय."

"आणि गल्लीभर खोटं मी बोलत फिरलो."

"खोटं माझं होतं, अक्का."

"तोंडानं सांगायला काय झालतं बाई? मी काय पाय धरून बसवून घेतलं असतं? चार दिवस जेवाय घातलं असतं, रडलो असतो, सोडलं असतं. तेवढं बी करू दिलं न्हाईसा."

त्यांनी आत जाऊन बंबातला जाळ विझवला. मग मला आपल्या घरी नेलं. त्या घरात मी कायम स्वयंपाकघरात, भिंतीला टेकून खाली बसत आले. अक्कांनी बाहेरच्या सोप्यात खुर्ची मांडली.

"बसा पावणं. च्या घेणार न्हवं?"

नंतर मी एकटी घरोघर गेले. कुणी पाणी दिलं, कुणी आजोबांची चौकशी केली. एकीनं दारातूनच सांगितलं, "आता कशाला उन्हातनं फिरताय बाई, यादीत वाचलं की आम्ही." परतीच्या एसटीत मी डोळे मिटून बसले. झोप लागली नव्हती. कुणी ओळखीचं भेटू नये एवढंच वाटत होतं.

तुम्ही विचारता, आजी, तुझं घर कुठलं? हा फ्लॅट माझं घर नाही असं म्हटलं तर तो कृतघ्नपणा होईल. इथं आजोबा न पडता आंघोळीला जातात. माझं नाव, माझा पत्ता आता सगळीकडं बरोबर आहे. पण उद्या आम्ही इथून गेलो तर या मजल्यावर कुणी रागावणार नाही. जयसिंगपुरात एक बाई माझ्यावर अजून रागावलेली आहे. घर म्हटलं की मला तिचं दार दिसतं. तुमचे बाबा उजळ माथ्यानं गेले, त्यांचं घर त्यांना आठवताना गोड वाटत असेल. मला ते आठवलं की मान खाली जाते, पण आठवल्याशिवाय राहवत नाही.

दर महिन्याला मी जाऊन येते. परवा गेले तेव्हा अक्का लसूण सोलत बसल्या होत्या. मी शेजारी खाली टेकले आणि टोपलीकडं हात नेला. त्यांनी टोपली अलगद पलीकडं सरकवली. "ऱ्हाऊ द्या. पावण्यांनी काय काम करायचं असतंय?" आणि खुर्ची पुढं केली.

चहा आला, फुलांच्या कपबशीत. मी बिनसाखरेचा घेते, हे अक्कांइतकं कुणालाच ठाऊक नाही. पाहुण्यांना करतात तसा तो साखर घातलेला, दाट होता. मी कप उचलला. शेवटच्या घोटापर्यंत प्यायले.

तुमची आजी