बेंतूची जागा

ऑक्टोबर निम्मा सरला, मस्कतची हवा जरा माणसात आली, की पास्कलदादांचा फोन ठरलेला. सकाळी लवकर वाजायचा आणि 'हॅलो'च्या आधीच प्रश्न यायचा, "वहिनी, यंदा झेंडू किती सांगू?" त्यामुळं त्या दिवशी मोबाइलवर त्यांचं नाव दिसलं तेव्हा मी पोळ्या लाटता लाटता फोन कानाला लावला आणि म्हणाले, "जरा जास्तच सांगा दादा, गेल्या वर्षी माळा अपुऱ्या पडल्या होत्या."  पलीकडून फिलूचा आवाज आला, फिलोमिना, त्यांची बायको. "पास्कल गेला गं... ऑफिसच्या जिन्यात बसला, तो उठलाच नाही." मी त्यावर काय बोलले ते मला आठवत नाही. नवऱ्याला हाक मारली आणि आम्ही दोघं अल हैलच्या आमच्या घरून हमरियाला त्यांच्याकडे निघालो, एवढं आठवतं.

हमरियात त्यांच्या डोक्यावरच्या मजल्यावर आम्ही बरीच वर्षं काढली. मी नवी नवरी म्हणून तिथं आले तेव्हा आजूबाजूला मराठी कान नव्हता, आणि खालच्या घरातून एक दिवस मोठ्यानं भांडणाचा आवाज आला, तोही मासेवाल्याशी, बोंबील ताजे नाहीत म्हणून. मी जिन्यात जाऊन उभी राहिले. आपसात ती दोघं वसईची कादोडी बोलत, माझ्याशी मात्र स्वच्छ शाळेतली मराठी. पास्कलदादा मत्रहच्या एका जहाज एजन्सीत कारकून होते. निवृत्तीचं वय झालं तरी कंपनी त्यांना सोडेना आणि तेही कंपनीला सोडेनात. फार गोड स्वभावाचे होते असं मी लिहिणार नाही. हट्टी होते, ठरवलं की ठरवलं. दुसऱ्याच्या घरात शिरून पंख्याचा वेग कमी करणारे होते. पण माझं पहिलं बाळंतपण फिलूनं केलं आणि माझ्या मुलीला इस्पितळातून घरी आणताना गाडी इतकी हळू चालवली पास्कलदादांनी, की मागचे सगळे हॉर्न मारत होते आणि हे खिडकीतून हात काढून त्यांनाच दम देत होते.

दोन नोव्हेंबर हा त्यांच्याकडे मृतांच्या स्मरणाचा दिवस. वसईत त्या दिवशी चर्चशेजारची दफनभूमी झेंडूनं आणि मेणबत्त्यांनी भरून जाते. इथं मस्कतला त्या सुमारास येणाऱ्या शुक्रवारी पास्कलदादा होडीनं जायचे. जुन्या बंदराच्या पलीकडं, डोंगरांच्या कुशीत एक लहानसं आखात आहे. जमिनीवरून तिथं वाट नाही. वाळूवर चुना लावलेल्या काही कबरी आहेत, परदेशी आरमारातल्या खलाशांच्या, काही महायुद्धातल्या, काही त्याहून जुन्या. चुना कुणीतरी अधूनमधून लावून जातं, पण दगडावरची अक्षरं बुजत चालली होती. पास्कलदादा काथ्याच्या ब्रशनं ती घासायचे. त्यासाठी गोड्या पाण्याचा कॅन घरून न्यायचे, कारण खाऱ्या पाण्यानं दगड झिजतो म्हणे. झेंडू रुवीच्या फुलवाल्याकडून यायचा, माळा मी ओवायचे, होडी खलफानची. खलफान मूळचा मत्रहचा. तो या कामाला लागला तेव्हा त्याला दाढी नव्हती, आता आहे ती पांढरी आहे. अरबांच्या तोंडी 'प' येत नाही, त्यामुळं त्याच्यासाठी ते कायमचे 'बास्कल'.

मी कधी गेले नाही. मला पाण्याची भीती वाटते. आमचं गाव खेड तालुक्यातलं, पण पार डोंगरावरचं. लहानपणी आम्ही समुद्र पाहिला तो सहलीत, तोही लांबून. "कोकणातली बाई आणि पाण्याला भिते," म्हणून पास्कलदादा दर वर्षी मला चिडवायचे आणि दर वर्षी होडीत एक जागा रिकामी ठेवून जायचे.

पहिल्यांदा मी विचारलं होतं, की हे कोण तुमचे? तेव्हा त्यांनी बेंतूची गोष्ट सांगितली. बेंतू म्हणजे त्यांच्या वडिलांचा थोरला भाऊ. दुसऱ्या महायुद्धात मिसरूडही नीट फुटलं नव्हतं तेव्हा तो जहाजावर नोकरीला लागला, भंडाऱ्याच्या हाताखाली, म्हणजे स्वयंपाकघरात. जहाज टॉर्पेडोनं बुडालं. घरी तार आली, तीत एवढंच होतं की अरबी समुद्रात, ओमानच्या किनाऱ्याजवळ. ओमान कुठं आहे हे गावात कुणाला ठाऊक नव्हतं. आजीनं, म्हणजे बेंतूच्या आईनं, मात्र दफनभूमीतल्या घरच्या कबरीवर काळ्या दगडाचा क्रूस बसवून घेतला आणि त्यावर बेंतूचं नाव कोरून घेतलं, मृत्यूची तारीख न घालता. दोन जागांची कबर ती. उजवीकडची जागा घरातल्या माणसांसाठी पुन्हा पुन्हा उघडली गेली, आजी स्वतः तिथंच गेली, पण डावी बेंतूची. समुद्र त्याला परत देईल तेव्हा लागेल, असं म्हणायची ती. आजीच्या पश्चात ते कुणी म्हटलं नाही, पण डावीकडं कुणी कुदळही लावली नाही. पास्कलदादांना मस्कतची नोकरी लागली तेव्हा त्यांच्या वडिलांनी विमानतळावर एकच सांगितलं, "तिकडच्या पाण्याजवळ एकदा बेंतूचं नाव घे." एकदाचं सांगणं होतं, यांनी ते जन्मभराचं करून टाकलं. बेंतूची कबर नाही, मग जे त्याच्यासारखे घरापासून लांब मेले त्यांच्या कबरी तरी घासाव्यात, असा त्यांचा सरळ हिशेब होता.

एकदा मी वाद घातला होता. पेपरात कुठंतरी वाचलं होतं, की त्या आखातातले कितीतरी खलाशी तापानं आणि उन्हानं गेले. मी म्हटलं, "दादा, हे लढाईत मेले कुठं? आणि तुमचे बेंतूबाबा तर डाळ-भात शिजवत होते." ते चिडले नाहीत. चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, "कामावर मेले ना, वहिनी? घरी पैसे पाठवायचे म्हणून आले आणि कामावर मेले. आपण वेगळे कशासाठी आलोय?" आमच्या बिल्डिंगमधला एक रत्नागिरीचा वेल्डर त्याच आठवड्यात पेटीतून परत गेला होता.  मग पास्कलदादांनीच विचारलं, "तुमच्याकडे कुणी नाही का गेलेलं असं?"

होतं ना. आमच्या गावच्या शाळेच्या भिंतीत एक संगमरवरी पाटी आहे, इंग्रजीत. या गावातून इतकी माणसं पहिल्या महायुद्धाला गेली, त्यांतली इतकी परत आली नाहीत, असं आकड्यात लिहिलेलं. सुट्टीवर गेले तेव्हा मी तिचा फोटो काढून आणला. पास्कलदादांनी तो बराच वेळ पाहिला आणि विचारलं, "नावं कुठंयत?" नावं नव्हतीच. परत न आलेल्यांत माझे पणजोबाही होते, पण आम्ही त्यांना ओळखायचो ते 'बसऱ्याचे आजोबा' म्हणून. तिकडं इराकात बसऱ्याला गेले ते गेलेच. त्यांचं आलेलं पदक माहेरच्या देवघरात टाकांच्या शेजारी आहे, खंडेनवमीला त्यालाही हळदकुंकू लागतं, आणि घरातल्या बायकांनी पिढ्यान् पिढ्या चिंचेनं घासून घासून त्यावरच्या राजाचं नाक पार सपाट केलंय. "कडेवर बघा," पास्कलदादा म्हणाले, "पदकाच्या कडेवर नाव असतं म्हणे." पुढच्या सुट्टीत मी आणि भावजयीनं ते दारातल्या उजेडात धरून पाहिलं. हळदीनं भरलेल्या कडेवर बारीक इंग्रजी अक्षरं होती. सखाराम. घरात कुणी ते नाव कधी उच्चारलेलं नव्हतं. मी तिथूनच मस्कतला फोन लावला आणि रडले, खरं सांगते. पलीकडून पास्कलदादा म्हणाले, "सखाराम... चांगलं नाव आहे," आणि मग आंबे किती आणणार ते विचारत बसले.

पास्कलदादा वारले त्याच्या दोनएक आठवडे आधी ते आणि फिलू आमच्याकडं अल हैलला जेवायला आले होते. फिलू आत माझ्या मुलीशी व्हिडिओवर बोलत होती. पास्कलदादा बाल्कनीत उभे राहून म्हणाले, "वहिनी, माझं काही झालं तर मला वसईला नेऊ नका. इथल्याच मातीत ठेवा. मी गेलो की बेंतूबाबाचं नाव घ्यायला या पाण्याजवळ कोण राहील?" मी नेहमीसारखं "काहीतरीच काय बोलता" म्हटलं आणि ताटं घ्यायला आत गेले. माणूस धडधाकट समोर उभा असताना दुसरं काय म्हणणार.

आता त्यांच्या घरी तोच प्रश्न समोर होता. मुलगा मेलरॉय कॅनडाहून आला होता. या पोराचं सगळं शिक्षण इथल्या इंग्रजी शाळेत झालं, मराठी शब्द शोधत शोधत बोलतो. कंपनीची माणसं कागद घेऊन थांबली होती, पेटी वसईला पाठवायची की दफन इथं करायचं ते कळवायचं होतं. मेलरॉयनं मला बाजूच्या खोलीत नेलं नाही, आईसमोरच विचारलं, "आंटी, डॅड तुम्हाला पण बोललेला ना? इथंच... म्हणजे, मस्कतलाच ठेवा म्हणून? ती त्याची विश होती." फिलूला त्यांना वसईला न्यायचं होतं, ती माझ्याकडं पाहत होती. हो म्हणावं तर तिच्या तोंडचा घास काढल्यासारखं, नाही म्हणावं तर गेलेल्या माणसाच्या शब्दाशी खोटं. मी म्हणाले, "बोलले होते." त्या क्षणी मला माझाच राग आला.

फिलू रडली नाही. "मलाही बोललाय, दहा वेळा," ती म्हणाली. "पण मेलरॉय, माझा व्हिसा त्याच्या नावावर. महिन्या-दोन महिन्यांत मला हे घर सोडायचंय. तू तिकडं. त्या खलाशांच्या कबरी घासून आला की दर वर्षी घरी येऊन काय म्हणायचा? 'यांचं कुणी आलं नाही गं, फिलू.' मग त्यानं स्वतःचं तेच करून घ्यायचं? मी वसईत बसू आणि त्याची कबर घासायला कोण, दुसरा कुणी पास्कल शोधू?" मग म्हणाली, "तिकडं डावीकडची जागा आहे. त्याच्या आजीनं राखलेली. या पाण्यातनं एक जण यायचा होता, तो आला नाही. हा तरी येऊ दे." मेलरॉयनं आईचा हात हातात घेतला आणि कंपनीच्या माणसाला सांगितलं, "अंकल, वसई."

मला रजेचं जमलं नाही, मी वसईला गेले नाही. फिलूनं फोनवर सांगितलं, की डावी जागा उघडताना कुदळ लागेना, इतकी वर्षं न हललेली माती. गावातले म्हातारेकोतारे बघायला आले होते. बेंतूच्या नावाखाली आता पास्कलचं नाव येईल, तारखेसकट. मग म्हणाली, "मी काही आता परत येत नाही. मेलरॉय सामान आवरेल. तुझ्याकडं एकच मागते. यंदा तू जा होडीनं. बेंतूबाबाला सांग, तुझी जागा आम्ही घेतली, रागावू नको." मी 'हो' म्हणाले. पाण्याची भीती वाटते वगैरे त्या वेळी बोलायची गोष्ट नव्हती.

मेलरॉय सामान आवरून गेला आणि जाताना पास्कलदादांच्या बाल्कनीतली निळी बादली मला देऊन गेला. आत काथ्याचा ब्रश, पाण्याचा कॅन, आणि दूधपावडरचा एक डबा, सगळ्या अंगाला खिळ्यानं भोकं पाडलेला. वाऱ्यात मेणबत्ती राहावी म्हणून. शुक्रवारी सकाळी मी माळा, बादली आणि उलटीची गोळी घेऊन खलफानच्या होडीत बसले. नवरा येतो म्हणत होता, मी नको म्हटलं, माझं तोंड कसं झालंय ते त्यानं बघायला नको होतं. खलफान म्हणाला, "मॅडम, डर मत, समंदर आज बच्चा है," आणि मी डोळे मिटून घेतले.

कबरी मी मनात मोठ्या धरल्या होत्या. त्या लहान निघाल्या. मी ब्रशनं अक्षरं घासली, माळा घातल्या, मेणबत्त्या लावल्या. शेवटची मेणबत्ती डब्यात ठेवून समुद्राकडे तोंड असलेल्या खडकावर लावली, कारण खलफाननं बोट करून तीच जागा दाखवली. परत निघालो. आखाताच्या तोंडाशी, जिथं मोकळं पाणी सुरू होतं, तिथं त्यानं न विचारता इंजिन बंद केलं. होडी हलायला लागली, मी दोन्ही हातांनी फळी धरली.

"इधर बास्कल नाम बोलता है," तो म्हणाला.

मी फिलूचा निरोप मोठ्यानं सांगितला. "बेंतूबाबा, तुमची जागा भरली. पास्कलदादा तिथं आहेत. रागावू नका." आवाज पाण्यावर कुठं गेला कळलंच नाही. मी खलफानला म्हटलं, "खलास. चलो."

त्यानं इंजिनाला हात लावला नाही. "खलास नहीं, मॅडम. बेंतू के बाद सखाराम."

मला आधी कळलंच नाही. "किती वर्षं म्हणत होते हे?" मी मराठीतच विचारलं, आणि तो प्रश्न समजल्यासारखा म्हणाला, "हर साल. बेंतू, फिर सखाराम. बोलता था, वो ऊपरवाली वहिनी का बाबा है, वो पानी से डरती है." आणि हसला.

दर वर्षी जी जागा ते रिकामी ठेवून जात तिथं मी बसले होते, आणि माझ्या पणजोबांचं नाव इतकी वर्षं ते माझ्याऐवजी घेत होते. मला एकदा तरी सांगायचं होतंत, दादा... मी सखाराम म्हणाले. पुन्हा एकदा, नीट म्हणाले. खलफान तसाच बसून राहिला, इंजिनाच्या दोरीवर हात ठेवून.

"अब बास्कल," तो म्हणाला.

मी नाव घेतल्यावरच त्यानं दोरी ओढली.