भिंत गळत का नाही?

ठोकेमामांचं खरं नाव त्यांच्या बायकोलासुद्धा आठवून सांगावं लागायचं. ते गवंडी होते आणि समोर येईल ते ठोकून बघायचे, म्हणून कामावरच्या कुणीतरी हे नाव ठेवलं आणि ते चिकटलं. भिंत ठोकायचे, दार ठोकायचे, कलिंगड ठोकायचे, एकदा तर दवाखान्यात डॉक्टरचं टेबल ठोकून "आत भुसा आहे" असं डॉक्टरलाच सांगून आले. ज्याला आवाज आहे ते खोटं बोलू शकतं, असा काहीतरी त्यांचा हिशेब होता. माणसांनाही आवाज असतो, हे वेगळं सांगायला नको.

त्यांचं गाव उतारावर वसलेलं. प्रत्येक घराच्या मागे वरच्या घराची बाग आणि ती बाग खालच्याच्या डोक्यावर येऊ नये म्हणून मध्ये एक भिंत. ठोकेमामांनी जन्मभर याच भिंती बांधल्या. वरवर बघणाऱ्याला वाटतं की भिंत मातीच्या ओझ्याने पडते. मामांना कुणी असं म्हटलं की त्यांना राग यायचा. माती बिचारी काही करत नाही, तिच्यात साठलेलं पाणी भिंत ढकलतं. म्हणून भिंतीच्या पाठीमागे धुतलेली खडी भरायची, खडीत माती शिरू नये म्हणून मध्ये जाळीदार कापड घालायचं आणि पाण्याला बाहेर यायला भिंतीत पाइपाची भोकं ठेवायची. पावसात भिंत गळलीच पाहिजे. गळणारी भिंत टिकते.

हे सगळे गवंडी करतात. मामांचं वेगळं असं की त्यांचा कशावरच विश्वास नसे. भिंत सरळ आहे का ते दाखवणारा ओळंबा तरी खरा आहे का, हे बघायला ते दुसरा ओळंबा बाळगायचे. मदतनीसाने खडी धुतली म्हणून सांगितलं की मूठभर खडी पांढऱ्या रुमालात घासून बघायचे. भिंत पुरी झाली की तिच्या पाठीमागे पिंपभर पाणी ओतायचे आणि खाली येऊन उलट्या घमेल्यावर बसायचे. भोकातून थेंब येईपर्यंत जेवायचे नाहीत. मालक हसायचे, पण मामांची एकही भिंत कधी हलली नाही. इथेच सगळा घोटाळा झाला. कामावर संशय फळाला आला, म्हणून मामांनी तो घरी आणला.

घरात दूधवाला, वाणी, मेव्हणा, हवामानाच्या बातम्या सांगणारी बाई, सगळे रांगेने संशयाखाली होते. सुटली होती फक्त एकुलती एक मुलगी. तिच्या बाबतीत मामा आंधळे होते आणि त्यांना त्याचा अभिमानही होता.

या मुलीने लग्न केलं तेही भिंती बांधणाऱ्याशीच. जावई वयाने लहान, कामाला वाघ, पण बोलायला महाकंजूष. विचाराल तेवढंच उत्तर. दुसऱ्या एखाद्या सासऱ्याने असा जावई मिरवला असता. मामांच्या मनात मात्र पाल चुकचुकली. कमी बोलतो म्हणजे काहीतरी दडपतो, असं त्यांचं ठरलं.

नात शाळेत जायला लागली त्या वर्षी जावयाने घर बांधलं, मागची भिंतही स्वतःच बांधली, आणि मामांना एका शब्दाने विचारलं नाही. खरं तर म्हाताऱ्याला त्रास नको म्हणून विचारलं नव्हतं. पण हे मामांना कोण पटवणार? घर बघायला नातेवाईक जमले त्या दिवशी मामा कुणाला न सांगता वर चढले आणि भिंतीमागे पाणी ओतून खाली आले. भोकांतून पाणी आलं, पण आलं ते गढूळ.

"बघा!" मामा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "पोटातली माती चालली. ही भिंत नव्हे, चाळण आहे चाळण!"

मेव्हणा खो खो हसला. जावयाच्या हातात चहाचा ट्रे होता. तो तसाच धरून तो म्हणाला, "नवीन आहे, बाबा. चार पाऊस जाऊ देत."

मुलगी आत गेली आणि पुसलेल्या बशा पुन्हा पुसत बसली.

त्यानंतर मामांचं मुलीकडे जाणं वाढलं. कधी सकाळी, कधी भर दुपारी, आणि फोन न करता. सांगून गेलं की समोरचा आवरून ठेवतो, हा त्यांचा कामावरचा नियम होता. दार उघडताच "काय गं, बरी आहेस ना?" एवढं म्हणायचे आणि तिचं उत्तर यायच्या आत मागच्या अंगणात पोहोचायचे.

पहिल्या एकदोन वेळी भोकं कोरडी दिसली. ऊन होतं, ठीक आहे. मग पाऊस सुरू झाला, चांगला धो धो पडला, आणि मामा छत्री मिटत मागे गेले तर भोकं तशीच कोरडी. शेजारच्या घराची भिंत, जी मामांच्या मते एका आळशी माणसाने बांधली होती, तीसुद्धा छान गळत होती. जावयाच्या भिंतीतून मात्र टिपूस नाही.

जावई दूरच्या कामावर गेला होता. पावसाआधीच गेला, तो तिकडेच राहत होता. मामांना हेही खटकलं. बांधलेल्या भिंतीला पावसात सोडून जातो कसा माणूस?

त्यांनी मुलीला चहा करायला आत पाठवलं आणि खिशातून ओळंबा काढला. भिंतीला मधोमध पोट आलं होतं. फार नाही, पण होतं. खाली एक बारीक चीर गेली होती. आणि भिंतीपासून जेमतेम एका खाटेच्या अंतरावर मागच्या खोलीची खिडकी होती. त्या खिडकीला लागून नातीचा पलंग होता आणि पलंगावर तिची कापडी बाहुली पालथी पडली होती. मामांनी काचेची एक पातळ पट्टी चिरेवर आडवी ठेवून दोन्ही टोकांना सिमेंटचा गोळा दाबला. भिंत हलली तर काच तुटणार. समोर कुंडी सरकवून त्यांनी ते झाकलं आणि निमूट चहा प्यायले.

"खडी भरलीच नाही त्याने," घरी येऊन ते बायकोला म्हणाले. "खणलेलीच चिकणमाती परत ढकलली. पाणी यायला वाटच नाही. कुठेतरी पाणी मुरतंय, मी सांगतो तुला."

"अहो, मग त्याला सरळ विचारा ना."

"विचारलं तर सावध होईल."

"तुमचा जावई आहे तो, चोर नव्हे," बायको म्हणाली. "आणि तेवढंच वाटत असेल तर पोरीला तरी सांगा, तिथे झोपू नका म्हणून."

"सांगितलं तर ती त्याला सांगेल."

बायकोने कपाळावर हात मारला. इथे मलाही तेच करावंसं वाटतं. नात जिथे झोपते तिथे भिंत कलतेय असं वाटत असताना माणूस पुरावा गोळा करत बसतो, याला काय म्हणावं?

पुढच्या वेळी मामा गेले तेव्हा पाऊस नुकताच थांबला होता. मुलीने दार उघडलं आणि दारातच उभी राहिली.

"बाबा, आधी बसा. मागे खूप चिखल आहे."

"चिखल मला नवीन आहे का?"

"चहा तरी घ्या. मी मागचं जरा आवरून येते."

मामांनी तिच्याकडे पाहिलं. तिची नजर ठरत नव्हती. आता ही नवऱ्याला पाठीशी घालतेय, असं त्यांना वाटलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांना पोरीचा राग आला. ते तिला बाजूला सारून मागे गेले आणि कुंडी सरकवली. काच मधोमध तुटली होती.

"पोरगी कुठाय?"

"शाळेत. का? बाबा, काय झालं?"

"तिचा पलंग पुढच्या खोलीत घे. आत्ता."

त्यांनी पडवीतली कुदळ उचलली आणि बाजूच्या पायऱ्यांनी वर गेले. या वयात एवढी भराभर कुदळ चालवू नये, पण रागात माणसाला वय राहत नाही. वरचा गवताचा थर निघाला, माती निघाली. मामा चिकणमातीची वाट बघत होते. आत्ता दिसेल, मग फोन लावतो आणि बघतो काय सांगतो ते. कुदळीला कापड लागलं. जाळीदार कापड, व्यवस्थित दुमडून आत खोचलेलं. मामांनी ते उलगडलं. खाली खडी होती. त्यांनी मूठभर उचलली आणि सवयीने रुमालात घासली. रुमालाला धूळसुद्धा लागली नाही.

खरं सांगायचं तर त्यांना वाईट वाटलं. एवढ्या महिन्यांचा संशय असा तोंडघशी पडला की माणसाला आनंद होत नाही. त्यांनी आणखी खाली हात घातला, कोपरापर्यंत, आणि हात गार पाण्यात बुडाला. खडीत पाणी तुंबलं होतं.

आता मात्र ते घाबरले. खडी चोख आहे, कापड चोख आहे, मग हे पाणी जातं कुठे? कुठेच जात नव्हतं. सगळं भिंतीला रेटत उभं होतं. ते धडपडत खाली आले, एक सळई घेतली आणि कडेच्या भोकात घातली. सळई वीतभर गेली आणि कशाला तरी मऊसर लागून थांबली. खडीला लागली असती तर खर्र आवाज झाला असता. मामांनी सळईचं टोक वाकवलं, आत घालून पिरगळलं आणि ओढलं. कापडाचा घट्ट बोळा बाहेर आला. तो चौकटीच्या शर्टाच्या बाहीचा होता. शर्ट त्यांचाच होता, जुना झाला म्हणून मुलीला पुसायला दिलेला.

मुलगी मागच्या दारात उभी होती. तिने काही लपवायचा प्रयत्न केला नाही.

"सगळ्या भोकांत आहेत," ती म्हणाली.

"तू?"

"हो."

"अगं, भिंतवाल्याची पोर तू! भोकं बुजवली तर काय होतं, तुला ठाऊक नाही?"

"तुम्ही गेलात की काढायचे असं ठरवलं होतं." ती म्हणाली. "आधी काढायचेसुद्धा. पण तुम्ही कधी याल याचा काही नेम आहे का? एकदा बोळे काढले आणि तासाभरात तुम्ही परत आलात, छत्री राहिली म्हणून. मी कशीबशी तुम्हाला ओट्यापाशी थांबवलं. मग नाही काढले. वाटलं, चार दिवसांनी काय होतंय."

"पण कशासाठी?"

"तुम्हाला गढूळ पाणी दिसू नये म्हणून. तुम्ही सगळ्यांसमोर चाळण म्हणालात ना, त्या दिवशी ते जेवले नाहीत. काही बोलले नाहीत, नुसते इथे पायरीवर बसून राहिले. मला वाटलं, पुन्हा गढूळ दिसलं की तुम्ही पुन्हा बोलाल. ते काही बोलणार नाहीत आणि तुम्ही काही थांबणार नाहीत."

मामांनी जगातल्या प्रत्येक माणसावर डोळ्यात तेल घालून पहारा ठेवला होता, आणि भिंत पडायला आली होती ती नेमकी त्या पहाऱ्याच्या धाकाने. हे त्यांना कळलं. मला वाटतं, ते त्यांना बोळा हातात आला तेव्हाच कळलं होतं.

"बाजूला हो," ते म्हणाले. "एकदम नाही काढायचे. हळूहळू काढू."

दोघांनी मिळून एकेक भोक मोकळं केलं. आधी थेंब आले, मग धार लागली आणि अंगण ओलं होत गेलं. पाणी गढूळ होतं. मुलगी हातात बोळे घेऊन उभी होती.

मामांनी खिशातून फोन काढला. जावयाला त्यांनी स्वतःहून कधी फोन केला नव्हता, त्यामुळे त्याने घाबरूनच उचलला.

"सगळे ठीक आहेत," मामा आधी म्हणाले. "तुझ्या भिंतीची भोकं बुजली होती. थोडं पोट आलंय. मोकळी केलीत. नातीला पुढच्या खोलीत हलवतोय, तू येऊन भिंत बघेपर्यंत ती तिथेच झोपेल. वरून खणून बघितलं मी. खडी चोख आहे तुझी."

पलीकडून जावयाने विचारलं, "बुजली कशाने?"

मामांनी वर पाहिलं. एवढं पाणी वाहत होतं, पण मुलगी पाण्याकडे बघत नव्हती. ती त्यांच्या तोंडाकडे बघत होती.

"माझ्या तोंडामुळे," ते म्हणाले. "तू आलास की समोर बसून सांगतो."

जावयाने नेहमीसारखं जेवढ्यास तेवढं विचारलं. "पाणी कसं येतंय, बाबा?"

"गढूळ," मामा म्हणाले. मुलीची मूठ बोळ्यांवर आवळली. "नव्या भिंतीचं पहिलं पाणी गढूळच येतं. मला हे त्या दिवशीही माहीत होतं."