नख लावून बघा

कंपनी सहा महिन्यांसाठी अमेरिकेला पाठवायची आणि हिंजवडीतले सगळे परतताना परफ्यूम आणायचे. मी कॅसिनोतली चकती आणली. तिथे नोटा देऊन त्या बदल्यात या रंगीत चकत्या घ्यायच्या आणि त्यांनी जुगार खेळायचा. मी एक घेतली, खेळलोच नाही, खिशात घालून बाहेर पडलो. एवढ्या पराक्रमावर मी स्वतःला संग्राहक म्हणवू लागलो.

पुण्यात मला चकत्या विकणारे दोघे भेटले. पहिले आमच्या संग्राहक मंडळातले ज्येष्ठ, डेक्कनच्या बंगल्यातले. मखमली डबी, आल्याचा चहा आणि इस्त्री केलेलं मराठी. "आपण जाणकार, आपल्याला मी काय सांगणार?" असं म्हणून त्यांनी काहीच सांगितलं नाही. ज्याचा 'ण' शुद्ध त्याचं मन शुद्ध, अशा संस्कारात मी वाढलेला. कधीच्या बंद पडलेल्या परदेशी कॅसिनोची चकती मी घेतली, वर ती अस्सल असल्याचं प्रमाणपत्र. त्यावर सही त्यांचीच होती, हे ते फ्रेम करून भिंतीवर टांगल्यावर माझ्या लक्षात आलं.

दुसरी जुन्या बाजारातली बाई. बंद घड्याळं आणि नळाच्या तोट्या यांच्यात तिच्याकडे एक मळकी चकती होती. कुठली म्हणून विचारलं, तर पोत्यात घावली, मला म्हाईत न्हाई, म्हणाली. न्हाई म्हणणाऱ्या बाईवर विश्वास कसा ठेवायचा? तिची खोटी ठरवायला मी माझी मखमली डबीतली काढून शेजारी ठेवली. तिने दोन्हींच्या मधल्या चित्रावरून नख फिरवलं.

"दादा, तुमचं वरनं चिकटवलंय. घड्याळाच्या तबकड्या अशाच बदलत्यात. ह्ये आमचं आतच दाबलेलं हाय."

माझ्या चकतीवरचं चित्र कडेने सोलून निघालं. तिची चकती मी निमूट घेतली.

सोललेली चकती घेऊन बंगल्यावर गेलो. या वेळी चहा नव्हता. "आपण पारखून घेतलीत. आता चारचौघांत बोललात तर हसं आपलंच होईल," ते म्हणाले. खरं होतं. मंडळाच्या वार्षिक प्रदर्शनात मला नुकतंच पहिलंवहिलं टेबल मिळालं होतं, तेही त्यांच्याच शब्दावर. गप्प बसलो तर टेबल माझं.

माझं हसं तर आमच्या घरात रोजच होतं, त्याला काय घाबरायचं? मी दोन्ही चकत्या मांडल्या. एकीपुढे चिठ्ठी: 'खरी. विकणारी म्हणाली, मला माहीत नाही.' दुसरीपुढे: 'नकली. विकणाऱ्याने सगळं माहीत असल्यासारखा चहा दिला. घेणारा मूर्ख मी. नख लावून बघा.'

तासाभरात मंडळाचे कार्यवाह आले. चिठ्ठी काढा, नाहीतर पुढच्या वर्षी टेबल नाही, म्हणाले.

"अहो, मूर्ख म्हणून मी फक्त माझाच उल्लेख केलाय. विकणाऱ्याचं नाव आहे का कुठे?"

"सगळ्यांना कळतंय."

"मग ते माझ्या चिठ्ठीमुळे नाही."

चिठ्ठी राहिली. ज्येष्ठ समोरच्या टेबलावरून दिवसभर माझ्याकडे बघायचं टाळत होते. दुपारी मंडळातलेच एक प्राध्यापक आले, इकडेतिकडे पाहून खिशातून मखमली डबी काढली आणि आपल्या चकतीवर नख फिरवलं. मग ती माझ्या नकलीशेजारी ठेवून निघून गेले. संध्याकाळपर्यंत तिथे चार नकली चकत्या झाल्या होत्या. मी चिठ्ठीतला 'मी' खोडला आणि 'आम्ही' लिहिलं. पुढच्या वर्षी टेबल मिळालं नाही. चिठ्ठी अजून आहे, प्रमाणपत्राच्या फ्रेममध्ये.