माझी चतुर्थी तिने धरली

कॅन्सर झाला की माणसाला गाठीपेक्षा जास्त त्रास सल्ल्यांचा होतो, हे आधीच सांगून टाकते. माझ्या स्तनातली गाठ कॅन्सरची निघाली त्या आठवड्यात आमच्या यवतमाळच्या घरी रांग लागली. कुणी पपईच्या पानांचा रस आणला, कुणी गोमूत्र, कुणी अंगारा. एका काकूंनी तर माझ्या छातीकडे पाहतच विचारलं, "घट्ट कपडे घालत होती का वं?" मी गावोगाव दारूबंदीची पत्रकं वाटत हिंडणारी मुलगी. दारूवाल्यांच्या शिव्या खाऊन त्यांना दुप्पट ऐकवणारी. पण भांडायलासुद्धा अंगात ताकद लागते, हे त्या दिवसांत कळलं. सगळ्यांत मोठा राग होता तो देवावर. लहानपणापासून कळंबच्या चिंतामणी गणपतीसमोर हात जोडत आले, ते यासाठी का?

त्यात आईने कहर केला. रिपोर्ट हातात पडला त्याच संध्याकाळी तिने परस्पर नवस बोलून टाकला. पोरगी बरी होऊ दे, वर्षभराच्या संकष्ट्या ती निर्जळी करील! ती म्हणजे मी. आजार माझा, घसा माझा आणि वचन देणारी आई. आमच्याकडे हे सर्रास चालतं. आया नवस बोलतात आणि पोरं फेडतात. कुणी अनवाणी चालतं, कुणी केस देतं, पण ज्याने फेडायचं त्याला आधी कुणी विचारत नाही. दुसऱ्या कुणाची आई असती तर मी यावर पत्रक काढलं असतं. स्वतःच्या आईविरुद्ध पत्रक कुठे वाटायचं?

पहिली केमो नागपूरला झाली. आपल्या जिल्ह्यातल्या बाईने छातीतली गाठ घेऊन वर्धा ओलांडून जायचं, हा एक वेगळाच संताप आहे, तो इथे आवरते. लाल सरबतासारखं औषध हाताच्या शिरेतून गेलं आणि नंतर उलट्या सुरू झाल्या त्या थांबेनात. सकाळी घरी सोडताना डॉक्टरांनी निक्षून सांगितलं, पाणी पीत राहा, घोट घोट का होईना. अंगातलं पाणी कमी झालं तर पुन्हा भरती करावं लागेल. आणि नेमकी त्याच दिवशी संकष्टी.

दादाने मित्राची गाडी आणली होती. गाडीत बसल्याबरोबर आईने माझ्याजवळची पाण्याची बाटली उचलून स्वतःच्या पायाशी ठेवली.

"चंद्र निघेपर्यंत धीर धर वं. पह्यलीच चतुर्थी हाय. पह्यलीच मोडली तं कसं होईन?"

"आई, डॉक्टरनं काय सांगतलं?" दादा चिडला.

"डॉक्टरले का मालूम माह्या नवसाचं?"

मी वाकून बाटली हिसकावून घेतली. आणि मग मला स्वतःचाच भयंकर संताप आला, कारण माझ्याने ती उघडवेना. हाताला सूज होती, पण कारण ते नव्हतं. मनात आलं, खरंच मोडल्याने काही झालं तर? भोंदूगिरीला पत्रकांतून झोडपणारी मी, जीभ टाळूला चिकटलेली असताना पाण्याची बाटली मांडीवर घेऊन बसून राहिले. कळंब येईपर्यंत तशीच.

कळंबला आईने गाडी थांबवायला लावली. देवळात गर्दी होती. तिथला गाभारा जमिनीखाली आहे. खाली देवापर्यंत उतरायचं बळ माझ्यात नव्हतं, म्हणून बाटली मांडीवर घेऊन वरच्याच पायरीवर टेकले. डोळ्यांपुढे अंधारी येत होती. दादा म्हणाला, परत नागपूरला नेतो. आई रडायला लागली.

शेजारी एक म्हातारी बाई आलुबोंडा खात बसली होती. ती मारेगावकडची; तिची सून नातवाला घेऊन दर्शनाला खाली गेली होती.

"काहून रडून राह्यली वं बाई?"

आईने चारचौघांत सगळं सांगून टाकलं, माझी गाठ आणि तिचा नवस, दोन्ही. मला जमिनीत गाडून घ्यावंसं वाटलं. म्हातारीने शांतपणे ऐकलं. मग हातातला अर्धा आलुबोंडा कागदात गुंडाळून दादाच्या हातात कोंबला.

"खाय रे बाबू. इकडून उष्टा नाही." आणि आईला म्हणाली, "आजची पोरीची चतुर्थी माह्या अंगावर. चंद्र निघेपर्यंत पान्याचा थेंब नाही. पाजा तिले पानी."

"पन तुमी तं खाऊन राह्यल्या!"

"आतापासून धरली. रोग का सकाळी उठून सांगून येते?"

"देवाले चालन का, दुसऱ्यानं धरलेली?"

"नवस तू बोलली अन् तहान पोरीची काढून राह्यली. ते चालते, तं हे काहून नाही चालत? बाप्पा का पटवारी हाय, सातबाऱ्यावर कोनाचं नाव हाय ते पाहाले?"

म्हातारीने माझ्या मांडीवरची बाटली घेतली, झाकण काढलं आणि माझ्या ओठांशी धरली. "पी वं माय."

मी प्यायले. पाणी गाडीत तापून कोमट झालं होतं. तरी तसं पाणी मी आयुष्यात प्यायले नाही. सून वर आली, तिने म्हातारीला प्रसादाचा पेढा दिला. म्हातारीने तो न खाता पदराच्या गाठीला बांधला आणि ती गर्दीतून निघून गेली. मी तिला नावही विचारलं नाही.

याला चमत्कार म्हणा, असा माझा आग्रह नाही. घरी आल्यावर पुन्हा उलटी झाली. पण पाणी पीत राहिले आणि परत भरती व्हावं लागलं नाही. एवढंच. मात्र त्या संध्याकाळी ऊन उतरलं तसं राहून राहून मनात येत होतं की, मारेगावच्या वाटेवर कुठेतरी एक म्हातारी माझी तहान घेऊन बसली आहे. शरण जाणं म्हणजे मान खाली घालून सोसणं, असं मी समजत होते, म्हणून त्या शब्दाची मला चीड होती. पण आपल्यासाठी कुणी तहानलेलं राहतंय हे मान्य करून, वाद न घालता घोट घेणं, हेही शरण जाणंच. सोसण्यापेक्षा मला तरी ते अवघड गेलं.

आता केस गेले आहेत. उपचार चालू आहेत, पुढचं ठाऊक नाही. सल्लेही चालूच आहेत आणि त्यांच्यावरचा माझा रागही. पण पुढच्या संकष्टीला सकाळी आई पाण्याचा तांब्या घेऊन माझ्या खाटेपाशी आली. तिचे स्वतःचे ओठ सुकलेले होते.

"आजची माह्या अंगावर हाय," ती म्हणाली. "तू पी."

मी मुकाट्याने प्यायले. मुकाट्याने काही करणं माझ्या स्वभावात नाही. तेवढं चिंतामणीने करून घेतलं.